पिट्सबर्ग: घर स्वस्त, पण आधी तळघरात उतरून बघा

अमेरिकेत गाव बदलायचं म्हटलं की मराठी घरांत डॅलस, ऑस्टिन, रॅली, फारतर कोलंबस एवढीच नावं निघतात. पेनसिल्व्हेनियातलं पिट्सबर्ग आठवतं ते व्यंकटेश्वराच्या देवळासाठी. पेन हिल्समधलं हे देऊळ १९७६ सालचं, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या हिंदू देवळांपैकी एक. लोक दर्शन घेतात, पुळिओगरे (चिंचेचा भात) खातात आणि गाडी परत न्यू जर्सीच्या दिशेला लावतात. राहायचं गाव म्हणून या शहराचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि हे चुकतंय.

ज्या पोलादावर हे शहर श्रीमंत झालं ते बुडालं १९८०च्या दशकात. १९५० साली पावणेसात लाखांच्या वर असलेली वस्ती २०२० साली तीन लाखांवर आली. म्हणजे सात लाखांसाठी बांधलेलं शहर आज तीन लाख लोक वापरतात. ग्रंथालयं, संग्रहालयं, बागा त्या श्रीमंतीतल्या, घरांचे भाव मात्र आजचे. शहरात अडीच लाख डॉलरच्या आतबाहेर तीन बेडरूमचं पक्क्या विटांचं घर अजून मिळतं. नोकऱ्या आता रुग्णालयांत (यूपीएमसी), कार्नेगी मेलन आणि पिट विद्यापीठांत, पीएनसीसारख्या बँकेत, रोबोटिक्समध्ये. ड्युओलिंगोचं मुख्यालय इथलंच. गुगलचं ऑफिस नॅबिस्कोच्या जुन्या बिस्किट कारखान्यात आहे. एक अडचण खरी: आयटीत एक नोकरी गेली तर दुसरी त्याच आठवड्यात मिळेल इतका बाजार मोठा नाही. एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी हे आधी तोलावं.

घर कुठे घ्यायचं हे बोगदे ठरवतात. डोंगर आणि तीन नद्या यांच्यामुळे पर्यायी रस्ते कमी. बोगद्याच्या तोंडाशी सगळे ब्रेक दाबतात आणि मागे मैलभर रांग लागते. पूर्वेकडच्या मन्रोव्हिलहून विद्यापीठांच्या ओकलंड भागात रोज जायचं तर स्क्विरल हिल बोगदा, दक्षिणेकडून डाउनटाउनला यायचं तर फोर्ट पिट किंवा लिबर्टी. ऑफिस आणि घर बोगद्याच्या एकाच बाजूला ठेवा. ते जमत नसेल तर दक्षिणेला माउंट लेबनन किंवा डॉर्मॉन्ट बघा, तिथून ‘टी’ म्हणजे लोकल ट्राम थेट डाउनटाउनला जाते. पूर्वेला स्विसव्हेलपासून फक्त बससाठी राखलेला रस्ता आहे, त्यावरची पी-१ गर्दीच्या वेळीही अडकत नाही. शाळांसाठी भारतीय कुटुंबं बहुधा नॉर्थ अलेगेनी, अपर सेंट क्लेअर, फॉक्स चॅपल, माउंट लेबनन या शाळा-जिल्ह्यांकडे वळतात.

आता घर. इथली घरं शंभरेक वर्षांची, उतारावरची आणि बऱ्याच ठिकाणी जुन्या कोळशाच्या खाणींच्या डोक्यावरची. नेहमीच्या होम इन्स्पेक्शनवर थांबू नका. पाच गोष्टी वेगळ्या सांगून करून घ्या.

सांडपाण्याच्या नळात कॅमेरा घाला. घरापासून रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपर्यंतचा नळ मालकाच्या गळ्यात असतो आणि तो बहुतेक वेळा भाजक्या मातीचा. सांध्यांतून झाडांची मुळं आत शिरतात, मग पावसात पाणी तळघरात उलटं येतं. कॅमेऱ्याचे काहीशे डॉलर वाचवले तर खोदाईचे दहा हजार जाऊ शकतात. तळघरात भिंतीबिंती काही नसलेला उघडा कमोड दिसला तर हसू नका, तो ‘पिट्सबर्ग टॉयलेट’. पाणी उलटं आलं तर तिथेच यावं, वर नको, असं त्याचं समर्थन देतात. दुसरं, डाय टेस्ट. तिचा दाखला बऱ्याच नगरपालिका विक्रीच्या वेळी मागतातच. छपराच्या पन्हाळीत रंगाचं पाणी ओततात आणि ते मैल्याच्या वाहिनीत निघालं तर घर नापास. दुरुस्ती कोण करणार हे करारात लिहून घ्या.

तिसरं, रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू मोजून घ्या. पश्चिम पेनसिल्व्हेनियात तो सर्रास सापडतो. हवेच्या लिटरला ४ पिकोक्युरी किंवा जास्त आला तर जमिनीखालून हवा खेचून छपरावर सोडणारा पाइप आणि पंखा बसवावा लागतो. घाबरून सौदा मोडण्याइतकं ते मोठं काम नाही, विकणाऱ्याकडून सहज करून घेता येतं. चौथं, राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नकाशावर पत्ता घालून खाली खाण आहे का बघा. जमीन खचली तर नेहमीचा घरविमा एक पैसा देत नाही. त्यासाठीचा वेगळा विमा राज्य सरकारच विकतं, आणि तो स्वस्त आहे. दरड कोसळण्याचं मात्र तसं नाही. तोही धोका नेहमीच्या विम्यात बसत नाही, म्हणून आधार-भिंत फुगली आहे का, तिच्यातली पाणी झिरपायची भोकं बुजली आहेत का, हे पाचव्या क्रमांकावर. उताराच्या कडेचं सुंदर देखाव्याचं घर असेल तर भिंत आधी, देखावा नंतर.

कराचं गणित एजंट क्वचितच पूर्ण सांगतात. राज्याचा आयकर सरसकट ३.०७ टक्के. त्यावर शहरात राहणाऱ्याला पगारावर आणखी ३ टक्के, उपनगरांत बहुधा १. लाख डॉलर पगारावर वर्षाला २,००० डॉलरचा फरक. शहरात खरेदीच्या वेळचा हस्तांतर करही एकूण ५ टक्के, साधारणपणे निम्मा-निम्मा वाटून घेतात. खरी गोम मालमत्ता करात आहे. काउंटीची मूल्यांकनं अजून २०१२ची, आणि तुम्ही घर घेतलं की याच करावर चालणारा शाळा-जिल्हा ‘नवी किंमत बघा’ म्हणून अपील करू शकतो. समजा, काउंटीच्या मूल्यांकनात १ लाखाचं घर तुम्ही ३ लाखांना घेतलं. बाजारभावाशी गुणायचं प्रमाण सध्या साधारण निम्मं धरतात, म्हणजे मूल्यांकन दीड लाख आणि कर दीडपट. शेजाऱ्याच्या बिलावरून हप्ता ठरवू नका.

हवामान उदास. नोव्हेंबर ते मार्च सूर्य दिसला तर लोक अंगणात येतात. हवा सुधारली आहे, पण पोलादासाठी कोळसा भाजून कोक बनवणारा क्लेअरटनचा कारखाना चालू आहे. थंडीत वरची गरम हवा झाकणासारखी बसली की मॉन (मोनोंगाहेला) नदीच्या खोऱ्यात सकाळी सडक्या अंड्यांचा वास कोंडतो. घरात दम्याचा पेशंट असेल तर त्या खोऱ्यापासून लांब राहा आणि पत्ता पक्का करण्याआधी ‘स्मेल पीजीएच’ अ‍ॅपवर त्या भागातल्या तक्रारी चाळा.

खाण्यापिण्याचे हाल नाहीत. मासेखाऊंसाठी स्ट्रिप डिस्ट्रिक्ट या बाजारपेठेतलं होलीज हे दुकान आहे, आख्खा मासा निवडा, साफ करून देतात. देवळं पूर्वेला, पेन हिल्स आणि मन्रोव्हिलमध्ये. भारतात जायला थेट विमान नाही, लंडनपर्यंत आहे.

आधी वर्षभर भाड्याने राहायचं असेल तर ओकलंडमध्ये ऑगस्टच्या तोंडावर शोधू नका. विद्यार्थ्यांचे करार तेव्हाच बदलतात, फुटपाथवर गाद्यांचे ढीग पडतात आणि उरलेल्या खोल्या कोणीच न घेतलेल्या असतात.