मावशीने कुठे राहावं? अलिबाग, अश्दोद की दिमोना

आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, प्रत्येक घरात हा प्रश्न एकदा तरी येतोच. मुलं इस्रायलला, म्हातारं माणूस इथे एकटं. आता आमच्याकडे मावशीचा नंबर लागलाय. वय ७४, घर अलिबागच्या इस्रायल आळीत, मागे नारळ-सुपारीची छोटी वाडी. मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला, नणंद तिथेच दिमोनाला. तुमच्याकडेही कोणी असं कुंपणावर बसलेलं असेल, म्हणून मी ताडून पाहिलेलं लिहून ठेवतो.

आधी कागद

इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्यानुसार मावशीला तिकडे स्थायिक होण्याचा हक्क आहे आणि तो वयाने संपत नाही. तिथे 'ओला', म्हणजे या कायद्याखाली स्थायिक व्हायला आलेली बाई, म्हणून उतरलं की नागरिकत्व मिळतं. गोम इकडे आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की आपला पासपोर्ट गेला. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढायचं. त्यावर येणं-जाणं सोपं, पण मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती वाडी ठेवता येते, पण विकायची तर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

मधली वाटही आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. परतीच्या कायद्याखाली पात्र असलेल्यांना नागरिक न होता तात्पुरत्या रहिवाशाचा ए-१ व्हिसा मिळू शकतो. नव्या नागरिकाला मिळणारे सगळे लाभ त्यात नसतात, पण पासपोर्ट हातात राहतो. त्याच्याही आधी साध्या पर्यटक व्हिसावर दोन-तीन महिने राहून बघावं, असं मी म्हणेन. भावनेच्या भरात आधी घर विकणाऱ्यांचा मला राग येतो.

दवाखाना आणि पैसा

इथे इस्रायलचं पारडं सरळ जड आहे. नवा नागरिक आल्यापासून तिथल्या चारपैकी एका आरोग्य निधीत नाव घालू शकतो. उतारवयात आलेल्यांना नेहमीचं वृद्धापवेतन नसलं, तरी उत्पन्न पाहून विशेष भत्ता मिळतो. अलिबागला मोठं दुखणं निघालं की मुंबई गाठायची. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या साध्या लाँचही बंद असतात. पण इथे रात्री दोनला शेजारची वहिनी धावत येते. हे कुठल्या रकान्यात मांडायचं, मला कळलेलं नाही.

भोंगा

मुलगा म्हणतो, सवय होते. होत असेल. अश्दोदला रॉकेट हल्ल्याचा भोंगा वाजल्यावर आसऱ्याला पोचायला साधारण ४५ सेकंद मिळतात. त्याचं घर जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरातच सुरक्षित खोली बांधण्याची सक्ती १९९० च्या दशकात आली, त्याआधीच्या घरांत ती सहसा नसते. मावशीचे गुडघे ४५ सेकंदांत तीन मजले उतरणार नाहीत. जाणार असाल तर 'खोल्या किती' याच्या आधी 'ममाद (म्हणजे ही सुरक्षित खोली) आहे का' हे विचारा.

बोलायचं कोणाशी

माझ्या मते निर्णय इथेच होतो, आणि नेमकं याचाच विचार कोणी करत नाही. अश्दोदला सून कामावर, नातवंडं शाळेत. नातू 'ये' आणि 'जेव' एवढंच मराठी समजतो. हिब्रू शिकवणारे उलपानचे वर्ग नव्या नागरिकांना फुकट असतात, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी उजवीकडून डावीकडे वाचायला शिकून नातवाशी भांडता येईल इतकी भाषा येणं कठीण. शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ) बस नाही, म्हणजे सगळे घरी असतात त्याच दिवशी कुठे जायची सोय नाही.

अलिबागला भाषेचा प्रश्नच नाही. कोळीण दारात येऊन मावशीशी अर्धा तास भाव करते. खिरीचा सण, बिरड्याचा सण ही आपल्या सणांची नावं शेजाऱ्यांनाही पाठ आहेत. पण १८४८ चं मागेन अबोथ सिनेगॉग चालत जाण्याइतकं जवळ असूनही प्रार्थनेला दहा पुरुष जमवताना फोनाफोनी करावी लागते. मलिद्याचं, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांच्या प्रसादाचं, ताट भरायला हात कमी पडतात. ज्यांच्याबरोबर मावशी लहानपणी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या (प्रेषित एलियाच्या) टप्प्यावर नवस फेडायला जायची, त्यांतले बहुतेक आज तिकडेच आहेत.

तिकडे म्हणजे बऱ्याच अंशी दिमोनाला. नेगेवच्या वाळवंटातलं गाव, समुद्र नाही, ऊन भाजून काढणारं. पण बाकड्यावर बसलं की मराठी ऐकू येतं. इस्रायलमधून निघणारं 'मायबोली' त्रैमासिक हातोहात फिरतं. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आपल्या गावांची आडनावं दारांवर दिसतात. पोहे, खोबरं, गूळ मिळतो, मलिदा होतो. मुलगा मात्र शंभरेक किलोमीटरवर.

जुनी माणसं आणखी एक हिशोब सांगतात. १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने आपल्या लोकांच्या लग्नांत पूर्वजांची चौकशी सुरू केली होती. लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकारने आपण सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. नणंदेच्या बोलण्यात ते अजून येतं. नातवंडांना त्याचं काही नाही. मावशीलाही नसावं, तिला लग्न थोडंच करायचंय.

माझा कल

मुलाच्या घरी कायमचं जाणं मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, मुलगा रागावला तरी. तब्येत धड असेल तोवर अलिबाग. एकटीने झेपेनासं झालं, तर दिमोनाला नणंदेच्या शेजारी तळमजल्यावर भाड्याची खोली, आणि महिन्यातून एक शब्बाथ मुलाकडे, शुक्रवारी दुपारीच पोचून. दोघी नणंद-भावजयीचं चाळीस वर्षं पटलं नाही, हा धोका आहेच. पण भांडायलासुद्धा मराठी येणारं माणूस लागतं.

सध्या ठरलंय ते असं. सुक्कोथचा सण आटोपला की ऑक्टोबरात, ऊन उतरल्यावर, पर्यटक व्हिसावर जायचं. आधी तीन आठवडे अश्दोद, मग दिमोना. घराची किल्ली वहिनीकडे. वाडीला पाणी कोण घालणार, ते अजून ठरायचंय.