लिव्हरवालं पिस्तूल घ्यावं की सिलिंडरवालं?

राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून निपाणी-खानापूरकडचे पालक नेमबाजीच्या रेंजवर चौकशीला येतात. त्यानं पदक रायफलवर मिळवलं, पण विचारणा असते दहा मीटरच्या एअर पिस्तुलाची. नवं परवडत नाही म्हणून जुनं बघतात, आणि मग गाडी इथंच अडते : दर शॉटला लिव्हर ओढायचं पिस्तूल, की सिलिंडरमध्ये हवा भरून ठेवायचं?

मी दोन्ही वापरलीत. आधी सिलिंडरवालंच घेतलं होतं. हातात घेतलं की सोडवत नाही असं ते पिस्तूल. छर्रा ठेवायचा, झाकण लावायचं, नेम धरायचा. मूठ एकदा बसली की हलवावी लागत नाही. स्पर्धेत ६० शॉट्स ७५ मिनिटांत मारायचे असतात तेव्हा याची किंमत कळते. लिव्हरवाल्यात दर शॉटला पिस्तूल खाली घ्या, लिव्हर पूर्ण उघडा, जोर लावून मिटा आणि मूठ पुन्हा पहिल्यापासून बसवा. चाळिसाव्या शॉटनंतर खांदा बोलायला लागतो. बारीक मनगटाच्या बारा वर्षांच्या पोरीला हे सांगायला माझं मन धजत नाही.

अचूकतेचं म्हणाल तर माझ्या कागदावर दोघांत फरक दिसला नाही. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, त्याच्या बाहेर गेलेले छर्रे माझ्या मनगटामुळे गेले, पिस्तुलामुळे नाही.

मग अडलं कुठं? हवेत.

सिलिंडर २०० बार दाबाला भरावा लागतो आणि माझ्याकडे एका भरणीत दीडशेच्या आसपास शॉट्स निघायचे, म्हणजे मन लावून केलेला दोन दिवसांचा सराव. सुरुवातीला भाबडेपणानं आमच्या बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या पंक्चरवाल्याला विचारलं. २०० बार म्हणजे २९०० पौंड हे ऐकून तो हसला. "काका, ट्रकलासुद्धा एवढी हवा लागत नाही की ओ!" कोल्हापूरला एका ओळखीच्याकडे पाणबुड्यांची स्कूबाची टाकी होती, पण हवेसाठी शंभरावर किलोमीटर किती वेळा जायचं? शेवटी हातपंप घेतला. दीडशे बारपर्यंत ठीक चालतं. त्यापुढं अख्खं अंग दांड्यावर टाकावं लागतं, आणि घामेजल्या हातांनी लगेच नेम धरायला गेलं तर नळीच्या टोकावरची नेमाची माशी नुसती नाचते.

त्यात आपला पावसाळा. जुलैत पंपाचा खालचा स्क्रू सैल केला की फुस्सकन हवेबरोबर पाण्याचा तुषार हातावर यायचा. जे बाहेर आलं ते दिसलं. सिलिंडरच्या आत किती गेलं, कोण जाणे. ओल शोषणारी सिलिकाची पुडी बसवली, ती चार दिवसांत रंग बदलायची. वर एका स्पर्धेत हत्यार तपासणीला सिलिंडरवरची तारीख वाचली गेली, दहा वर्षं उलटलेली, म्हणजे सिलिंडर बाद. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, मीही बघितलं नव्हतं. त्या दिवशी उसन्या पिस्तुलावर खेळलो. म्हणून जुनं सिलिंडरवालं घेणार असाल तर आधी ती तारीख वाचा, बाकीचं नंतर.

लिव्हरवाल्याला यातलं काहीच लागत नाही. दर वेळी तेवढीच हवा दाबली जाते, त्यामुळे पहिला शॉट आणि साठावा शॉट सारखाच सुटतो. दाब मोजायचा काटा नाही, पंप नाही. पथ्य एकच : लिव्हर दाबून पिस्तूल तसंच ठेवून द्यायचं नाही, आतलं सील दबून खराब होतं. माझं सील एकदा बदललं, तेवढंच.

ज्यांच्या रेंजवर हवा भरून मिळते, किंवा जे राज्य पातळीच्या पुढं निघालेत, त्यांनी सिलिंडरवालंच घ्यावं, त्यांना मी अडवणार नाही. पण घरच्या गच्चीवर रोज तासभर सराव करणाऱ्यानं लिव्हरवाल्याकडं जरा जास्त वेळ बघावं असं मला वाटतं. माझं सिलिंडरवालं अजून कपाटात आहे. हवं तर या टिळकवाडीला, दोन्ही हातात धरून बघा. पंप मात्र तुम्ही मारायचा.