टोचनची जीप घेताना चासी नंबर बघितला, नंबरभोवतीचं वेल्डिंग नाही बघितलं

लिहू का नको करत चार महिने गेले, लाज वाटते म्हणून. पण परवा मित्राच्या भावाचा फोन आला, तसलीच गाडी बघितलीय, टोकन देऊ का विचारत होता, तेव्हा म्हणलं आता लिहूनच टाकतो.

मी कराडचा. लहानपणी एसटीनं पुण्याला जाताना खंबाटकी घाटाच्या पायथ्याला टोचनची, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी जीप उभी असायची, मागं लोखंडी चॅनेलचा क्रेन, त्याला वजन उचलायची साखळीची चेन कुप्पी लोंबकळतेय, आणि उचलताना पुढची चाकं हवेत जाऊ नयेत म्हणून बंपरवर रुळाचा तुकडा बांधलेला. तेव्हापासून डोक्यात होतं की एक दिवस असली जुनी गाडी घ्यायची आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं उभी करायची. बायकोला हे वेड माहितीय, ती काही बोलत नाही.

तर जाहिरात दिसली. १९६२ मॉडेल, सीजे थ्री बी, हाय बॉनेट, ओरिजिनल क्रेन, पेपर क्लिअर. गेलो बघायला. एका गॅरेजच्या मागं भिंतीला लावून उभी होती, वर चिंचेचं झाड. विकणारा गोड बोलणारा, दादा दादा करत चहा पाजला. उंच बॉनेट बघून मी तिथंच पाघळलो. या मॉडेलच्या हरिकेन इंजिनचा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो, त्यामुळं इंजिन उंच झालं आणि म्हणून बॉनेट उंच, एवढं मला वाचून माहिती होतं, म्हणजे आपण एक्स्पर्ट. पण बॉडी म्हणजे शेवटी पत्रा, हरियाणात डबवालीकडं अख्खी नवीन बनवून मिळते, ती खाली कुठल्याही चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, बसवता येते हे त्यावेळी सुचलंच नाही.

मी अगदीच आंधळा नव्हतो हां. आरसी बुक बघितलं, चासी नंबर टॉर्च मारून जुळवला, एक एक आकडा. मोबाईलवर परिवहनच्या ॲपमध्ये गाडी नंबर टाकला, गाडी दिसली, मालकाच्या नावाची अर्धी अक्षरं मात्र स्टार. गाडी जरा लांब वाटली म्हणून विचारलं तर लगेच म्हणला, "दादा, क्रेन बसवायला चासी वाढवलीय त्या काळात." पटलं. वर त्यानं व्हिंटेजचं गाजर दाखवलं, ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, २०,००० फी, १० वर्षं टेन्शन नाही. हे सगळं खरंय बरं का, २०२१ चा नियम आहे. पण त्याच नियमात आहे की चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल झालेला नसावा, म्हणजे चासी वाढवलीय हे तो स्वतःच्या तोंडानं सांगत होता तिथंच व्हिंटेजचा विषय संपत होता आणि मी मान हलवत बसलो. असल्या नंबरवर धंदा करता येत नाही, रोज रस्त्यावर काढताही येत नाही, ते तर त्यानं सांगितलंच नाही.

२ लाख ६० हजार दिले. त्यातले २ लाख कॅश. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर मालकाच्या सह्या आधीच केलेल्या, मालक म्हातारे आहेत येऊ शकत नाहीत म्हणला. पाचशेच्या स्टॅम्पवर 'जशी आहे तशी' विक्री लिहिलेली आणि विकणारा म्हणून भलत्याच कुणाचं तरी नाव. हे घरी येऊन नीट वाचलं.

दोन महिने शेडमध्ये काम केलं, क्रेनचा चॅनेल घासला, चेन कुप्पी सोडवली, वर लाखभर गेले. मग एका रविवारी ग्राइंडरला वायर ब्रश लावून पुढच्या चाकाजवळ चासी घासत होतो तर नंबरच्या भोवतीची पुट्टी भुगा होऊन पडायला लागली. नंबर होता तो टीव्हीच्या रिमोटएवढ्या वेगळ्या पट्टीवर, पट्टी चारी बाजूनं वेल्डिंग करून घासून सपाट केलेली. पट्टीचा पत्रा गुळगुळीत, आजूबाजूची चासी गंजानं खड्डे पडलेली. साठ वर्षं एकाच पावसात उभ्या असलेल्या लोखंडात एवढा फरक कसा असेल. बोटानं चाचपलं की कडा लागत होती, म्हणजे घेतानाही लागली असती, मी फक्त वाचत बसलो.

कोल्हापूरला उद्यमनगरात ओळखीचे मेस्त्री आहेत त्यांना आणलं. त्यांनी पट्टी बघितलीच नाही आधी, टेप काढून पुढच्या चाकाच्या सेंटरपासून मागच्यापर्यंत माप घेतलं. ९१ इंच. "अहो साहेब, थ्री बी ला ८० पाहिजे. आणि वाढवली म्हणताय तर जोड कुठंय? ही नंतरच्या डिझेल जीपची चासी." दोन मिनिटांचं काम होतं, टेप माझ्याही गाडीत होता.

आरसीवरचा पत्ता चाळीस किलोमीटरवरचा. इतके दिवस कागद माझ्या कपाटात होता. गेलो तर मालकाचा मुलगा भेटला, म्हणला बाबा जाऊन बरीच वर्षं झाली आणि जीप तर त्याच वर्षी भंगारात दिली, बुक पण भंगारवाल्यानं मागून नेलं. म्हणजे फॉर्मवर सह्या मेलेल्या माणसाच्या.

विकणारा पहिल्या फोनला म्हणला बघून घेतलीत ना, दुसऱ्यापासून बंद. पोलिसात अर्ज दिलाय, लोक अजून चारशेवीसच म्हणतात, आता ते कलम ३१८ झालंय. साहेबांनी पहिलं विचारलं, खालची चासी चोरीची निघाली तर? मला तर हे सुचलंच नव्हतं. आता पट्टीला हात लावायचा नाही, विकायची नाही, भंगारातही द्यायची नाही.

आणि मित्राच्या भावानं जो फोटो पाठवला ना, त्यात जीप वेगळी होती, हिरवी. भिंत तीच, चिंचेचं झाड तेच. बायकोला तिच्या नंबरवरून फोन लावायला सांगितला तर तोच विकणारा म्हणला, "ताई, टोकन टाका लगेच, अजून दोन गिऱ्हाईकं आहेत." फोटो आणि नंबर दोन्ही ठाण्यात देऊन आलोय.