वही, ॲप की फोटो? साखर-कार्ब्स कमी करताना खाण्याची नोंद कशात ठेवावी

साखर आणि कार्ब्स, म्हणजे पोळी-भातातली कर्बोदकं, कमी करायचं ठरलं की आधी ‘काय बंद’ची यादी सुरू होते. डॉक्टरांनी तातडीने काही बंद करायला सांगितलं असेल तर ते करायलाच हवं. नाहीतर पहिला आठवडा काहीही न बदलता, जे खाताय ते नुसतं टिपून ठेवा. मुंबईत आपण जेवणाइतकंच जेवणाबाहेरही खातो. स्टेशनाबाहेरचं कटिंग, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक, गाडीत मैत्रिणीने हातावर ठेवलेली चिक्की, रात्री भांडी आवरताना तोंडात टाकलेला उरलेला शिरा. रात्री आठवायला बसलं तर यातलं निम्मंही आठवत नाही.

नोंदीचा उपयोग होतो याला आधार आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,७०० जणांच्या अभ्यासात रोज खाणं लिहिणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरलं होतं. प्रश्न उरतो तो कशात लिहायचं एवढाच.

घरचा डबा खाणाऱ्यांना मी वहीच सांगेन. साधी, खिशात किंवा पर्समध्ये मावणारी. एका दिवसातला चहाच बघा: ‘६.४५ चहा, साखर २ चमचे. ९.३० ऑफिसचा चहा, साखर आधीच घातलेली. ११.०० चहा २ चमचे, बिस्किटं ४. ४.३० कटिंग, भूक नव्हती, सगळे निघाले म्हणून.’ बिस्किटं सोडली तरी सहा-सात चमचे साखर झाली. चहाचा एक चमचा चार-पाच ग्रॅमचा, म्हणजे तीस ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा २,००० कॅलरींच्या आहाराला ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत, अशी आहे. रात्रीच्या जेवणाचं पान वाढण्याआधीच, नुसत्या चहाने, ती २५ ची रेघ ओलांडली. आणि ‘भूक नव्हती, सगळे निघाले म्हणून’ ही नोंद वहीतच होते, ॲपमध्ये तिला सहसा जागाच नसते. कमी करायचं पहिलं खाणं मला तिथेच दिसतं.

वहीची अडचण गाडीत कळते. विरार फास्टमध्ये एक हात कडीला, दुसऱ्यात बॅग, मग लिहिणं रात्रीवर जातं आणि चिक्की राहून जाते.

दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी, फिरतीची किंवा पाळीची नोकरी असणाऱ्यांनी फोटो काढावेत. खाण्याआधी एक फोटो, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचा. वेळ आपोआप पडते. रविवारी सगळे फोटो ओळीने पाहिले की वडापाव किती वेळा झाला ते विचारावं लागत नाही. पण फोटोत चहातली साखर दिसत नाही, आमटीतला गूळ दिसत नाही, दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात तर नाहीच नाही. गूळ इथे मुद्दाम घेतला, कारण ‘साखर सोडली, गूळ घेते’ हे घरोघरी ऐकू येतं आणि रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ ही साखरच आहे.

ॲपचा खरा फायदा आकड्यांचा. पण ‘आमटी, १ वाटी’ म्हणजे कुणाची वाटी? काही ॲपमधल्या नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात, त्यामुळे एकाच थालीपिठाचे तीन वेगळे आकडे सापडतात. भाजणी तरी कुठे दोन घरांत सारखी असते? म्हणून आधी घरातली रोजची वाटी पाण्याने भरून मापाच्या कपात ओतून बघा, आणि एका पोळीला किती कोरडी कणीक लागते ते एकदाच वजन करा. तीस ग्रॅम कोरड्या कणकेच्या पोळीत सुमारे २० ग्रॅम कार्ब्स, शिजलेल्या १५० ग्रॅम भातात सुमारे ४०, आणि साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतही सुमारे ४०. भाकरीत भातापेक्षा चोथा बराच जास्त, म्हणून ती उजवी. तरी कार्ब्सच्या हिशेबात एक भाकरी म्हणजे दोन पोळ्या. ‘भाकरीला मोजायचं नसतं’ हा समज इथे सुटतो.

उपवासाच्या दिवशी तर ॲप फारच उपयोगी. वहीत आपण ‘संकष्टी, उपवास’ एवढंच लिहून मोकळे होतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कार्ब्स असतात, प्रथिनं जवळजवळ नाहीत. खिचडीत दाण्याचं कूट वाढवून साबुदाणा निम्मा करणं, सोबत दही घेणं, हे तो आकडा समोर आल्यावर सुचतं.

तरीही ॲप दोन-तीन आठवडेच वापरा, असं माझं मत. तेवढ्यात रोजच्या पंधरा-वीस पदार्थांचा अंदाज डोळ्यात बसतो. पुढे रोज आकडे भरणं कंटाळवाणं होतं, काहींना त्याचा ध्यासच लागतो. घरात वाढत्या वयाची मुलं असतील, किंवा खाण्यावरून कुणाला पूर्वी मानसिक त्रास झाला असेल, तर आकड्यांपासून लांबच राहावं. पाकिटातल्या पदार्थांना ॲप लागतही नाही. मागे १०० ग्रॅममागे एकूण कार्ब्स आणि वरून घातलेली साखर छापलेली असते, ती वाचा.

आई-बाबांसाठी निवड करत असाल तर दुसरा विचारच नको: वही, स्वयंपाकघरात, पेन दोऱ्याने बांधून. जो वाढेल तो लिहील. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कार्ब्स एकदम कमी केले तर रक्तातली साखर ७० च्या खाली, म्हणजे धोक्याइतकी कमी, जाऊ शकते, म्हणून डोसबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. वहीत ग्लुकोमीटरच्या आकड्याचा एक रकाना आखा, जेवणाआधीचा आणि दोन तासांनंतरचा.

बाहेरही खाता आणि घरीही, अशांनी दिवसा फोटो काढावेत आणि रात्री पाच मिनिटांत ते वहीत उतरवावेत, साखरेचे चमचे आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं तेव्हा जोडून. डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञांकडे जाताना शेवटच्या पंधरा दिवसांची पानं न्या. एचबीए१सीची तपासणी रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती कुठल्या वेळच्या खाण्याने चढली हे शोधायला डॉक्टरांना ही पानंच लागतील.