स्वतंत्र लेखिकेचा सीव्ही: तक्ता आणि ऑर्किड, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी एका रेसिडेन्सीच्या (लेखकांना राहून लिहायला जागा देणाऱ्या उपक्रमाच्या) अर्जाला सीव्ही जोडायचा होता. माझ्याकडे होता तो नोकरीच्या दिवसांतला: शिक्षण, हुद्दे, जबाबदाऱ्या आणि अगदी तळाशी ‘छंद’ या मथळ्याखाली ‘लेखन’. चार पुस्तकं मी स्वतः काढली, त्यांची प्रुफं रात्र रात्र जागून तपासली, आणि कागदावर त्या सगळ्याचा एक शब्द. फार लागलं ते. त्याच रात्री कामाला बसले.

सुरुवात सीव्हीपासून केली नाही, हे बरं झालं. आधी लिब्रेऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटच्या प्रोग्राममध्ये एक तक्ता केला. प्रत्येक कामाला एक ओळ: शीर्षक, प्रकार, वर्ष, आवृत्ती, प्रकाशक, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक), पानं, संपादन कोणाचं, मुखपृष्ठ कोणाचं आणि शेवटचा रकाना ‘पुरावा कुठे’. सीव्ही लागेल तेव्हा यातून उचलायचं. तेव्हापासून सात अर्ज केले. अनुवादाचं काम असेल तर अनुवाद वर, कार्यशाळा घ्यायची असेल तर शिकवण्याचा अनुभव वर. सीव्ही दर वेळी वेगळा, तक्ता तोच. पूर्वी दोन दिवस जायचे, आता तासाभरात होतं.

सगळ्यात कामाला आला तो ‘पुरावा’ रकाना. नावाजलेल्या प्रकाशनाचं नाव दिसलं की वाचणारा विश्वास ठेवून पुढे जातो. आपल्यामागे ते नाव नसतं, म्हणून आपली प्रत्येक नोंद कोणालाही पडताळता आली पाहिजे. हे मला आयएसबीएनने शिकवलं. पहिल्या दोन पुस्तकांना मी स्वयंप्रकाशनाच्या प्लॅटफॉर्मने फुकट दिलेले क्रमांक घेतले होते आणि सीव्हीत प्रकाशक म्हणून माझ्या प्रकाशनाचं नाव लिहिलं होतं. निवड समितीकडून विचारणा आली: आयएसबीएनच्या नोंदीत प्रकाशक दुसराच दिसतो, असं का? त्यांचं बरोबरच होतं. आयएसबीएनच्या १३ अंकांचे पाच भाग असतात, त्यातला तिसरा भाग ज्या प्रकाशकाच्या नावे क्रमांक घेतलाय त्याचा. आता नोंदीत जे आहे तेच लिहिते आणि पुढे ‘स्वयंप्रकाशित’ असं स्पष्ट म्हणते. तो शब्द लपवल्याने माझा कधीच फायदा झाला नाही.

छापील आणि ईबुक आवृत्तीचे क्रमांक वेगळे असतात, पण पुस्तक एकच. यादी लांब दिसावी म्हणून मीही सुरुवातीला दोन ओळी केल्या होत्या. मग एकाच नोंदीखाली दोन्ही क्रमांक घातले.

ऑर्किडबद्दल (ORCID, लिहिणाऱ्याची ओळख पटवणारा ऑनलाइन क्रमांक) मत संमिश्र आहे. २०१२ पासून सुरू असलेला हा १६ अंकी क्रमांक मुळात संशोधकांसाठी, आणि खातं फुकट. माझं नाव पुस्तकांवर तीन तऱ्हांनी छापलं गेलंय: आद्याक्षरांसह, पूर्ण आणि मधलं नाव गाळून. ती तिन्ही रूपं तिथे एकाच क्रमांकाखाली आली, आणि सीव्हीच्या माथ्यावर एक दुवा पुरतो. डीओआय (ऑनलाइन लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) असलेल्या लेखांचे तपशील तो क्रमांक टाकला की आपसूक भरले जातात. कथा-कवितांना सहसा डीओआय नसतो, तिथे सगळं हाताने टंकावं लागतं. आणि हाताने भरलेल्या नोंदीपुढे स्रोत म्हणून आपलंच नाव दिसतं, म्हणजे तो पुरावा नव्हे. समीक्षा, निबंध लिहिणाऱ्यांनी जरूर घ्यावा. निव्वळ कथालेखकाला तक्ता पुरेसा आहे.

दुसऱ्याच्या नावाने लिहून दिलेली दोन पुस्तकं मी शीर्षकाशिवाय लिहिते: विषय, साधारण पानसंख्या, ‘करारानुसार नाव देता येत नाही’. त्यावर अजून कोणी आक्षेप घेतलेला नाही. ‘आगामी’ हा मथळा मात्र काढून टाकला. करार झाला असेल तर ‘स्वीकृत’, नाहीतर नोंदच नाही.

मांडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन रकान्यांचा सुंदर नमुना घेतला होता. ऑनलाइन अर्जात चढवल्यावर डाव्या-उजव्या बाजूची वाक्यं एकमेकांत मिसळली. आता एकच रकाना, साधा टंक, दोन पानं, पीडीएफ.

एक दुखणं राहिलंय, दुव्यांचं. दोन ऑनलाइन नियतकालिकं बंद पडली आणि तिथल्या माझ्या कथांची पानंही गेली. तेव्हापासून काहीही प्रसिद्ध झालं की त्याच दिवशी वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात पान जतन करते आणि तो दुवा तक्त्यात घालते. त्या दोन कथा सीव्हीतून काढल्या नाहीत. अंकाचा महिना आणि वर्ष लिहिलंय, आणि संपादकांची स्वीकृतीची पत्रं एका फोल्डरमध्ये तयार ठेवली आहेत.