गणेश चवथीला घर भरतं तेव्हा पाणी कशावर तापवायचं?

घरामागे पाहुण्यांसाठी दोन-तीन खोल्या काढताना फरशी, रंग, खिडक्या सगळं घरात बसून ठरतं. आंघोळीचं पाणी कशावर तापवायचं हे मात्र शेवटी प्लंबरवर सोडलं जातं आणि तो त्याच्या सवयीचं ते बसवून जातो. गोव्यात साखळीला आमच्या तीन खोल्यांचं तेच होणार होतं. मग एका संध्याकाळी वही घेऊन बसले, हिशेब मांडला आणि बेत बदलला. हा हिशेब गोव्यातल्या पाण्याचा आहे. थंड गावातल्या नातेवाइकाचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आपल्या टाकीतलं पाणी बहुतेक वर्षभर २६ ते २८ अंशांवर असतं. आंघोळीला ४० अंश पुरतात. दोन बादल्या, म्हणजे ४० लिटर पाणी २७ वरून ४० अंशांवर न्यायला फक्त ०.६ युनिट उष्णता लागते. पाणी १० अंशांवर असतं तर हाच आकडा १.४ युनिट झाला असता. तीन खोल्यांत सहा माणसं धरली तरी दिवसाला ३.६ युनिट. गरज इतकी कमी असल्यामुळे, उष्णता कुठून आणायची यापेक्षा ती वाटेत कुठे वाया जाते हेच आधी बघावं लागतं.

३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर घ्या. आपल्याकडच्या पाण्याला तो मिनिटाला साधारण ३.३ लिटर आंघोळीजोगं गरम पाणी देतो, म्हणजे बादली सहा मिनिटांत भरते. थंड गावात याच गिझरची धार निम्म्याहून कमी होते, म्हणून तिकडे त्याला कोणी विचारत नाही. त्यात पाणी साठवायचंच नसल्याने उष्णता वाया जात नाही. घरच्या माणसांना, बादलीने आंघोळ करणाऱ्यांना याहून स्वस्त आणि सोपं काही नाही. अडचण शॉवरची आहे. पाहुण्याला मिनिटाला आठ-दहा लिटर हवे असतात, तिथे हा कमी पडतो. तीन बाथरूममध्ये तिन्ही एकदम चालू झाले तर ९ किलोवॅटचा भार येतो, म्हणून वीजजोडणीचा मंजूर भार आधी तपासा.

साठवणीच्या गिझरात १५ लिटर पाणी ६० अंशांवर असेल, तर त्यात गार पाणी मिसळून दोन बादल्यांच्या आसपास होतं. पुढच्या माणसासाठी २ किलोवॅटचं कॉइल ते सतरा-अठरा मिनिटांत परत तापवतं. एका खोलीतल्या दोघांना हे पुरतं, लांब शॉवर घेणारे असतील तर २५ लिटरचा घ्या. तो दिवसभर चालू ठेवू नका, पण तापमान ५०च्या खालीही ठेवू नका, कोमट साठ्यात जिवाणू वाढतात. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं, ते टाकी आतून खातं. टाकीऐवजी स्वतः झिजणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड वर्षातून एकदा काढून बघायला सांगा. हे न सांगता कोणी करत नाही. इन्स्टंट असो वा साठवणीचा, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, हवाच. पावसाळ्यात आपल्या भिंती किती ओल धरतात हे तुम्हाला ठाऊक आहे.

सोलरवर माझा जीव होता आणि अजूनही आहे. पाहुण्यांचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत, उन्हाचाही तोच. १०० लिटर पाणी ६० अंशांवर असेल तर सहा जणांच्या बादलीच्या आंघोळी होतात. शॉवर धरून २०० लिटरची टाकी घ्यावी. नरकचतुर्दशीला पहाटे चारला नरकासुर जाळून आलेल्या पोरांना आदल्या दिवशीच्या उन्हाचं पाणी मिळतं, कारण चांगल्या टाकीचं आवरण रात्रभर ऊब धरून ठेवतं. खरी गळती पाइपमध्ये होते. गच्चीपासून बाथरूमपर्यंत २० मीटर पाऊण इंची पाइप असेल तर त्यात पाच लिटर गार पाणी अडकलेलं असतं. दर वेळी ते आधी सांडायचं आणि आंघोळ झाल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात निवायला सोडून द्यायचं. म्हणून टाकी बाथरूमच्या डोक्यावर यावी, पाइप अर्धा इंची आणि आवरण घातलेला असावा. माडाखाली काचेच्या नळ्या मात्र बसवू नका.

जून ते सप्टेंबर सोलर जवळजवळ झोपतो. तेव्हा टाकीतलंच कॉइल चालू केलं तर दोन माणसांसाठी २०० लिटर तापवत बसावं लागतं. त्यापेक्षा प्रत्येक बाथरूममध्ये छोटा गिझर वेगळा असावा.

गॅस गिझर जोरदार धार देतो, वीज गेली तरी सेलवर पेटतो. पण तो बाथरूमच्या आत कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद खोलीत माणूस बेशुद्ध पडेपर्यंत त्याला कळतही नाही. दाराला फट आहे, वर जाळी आहे, ही कारणं मी ऐकून घेत नाही. बाहेर मोकळ्या भिंतीवर लावायचा असेल तर लावा. भाड्याच्या खोल्यांना घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक घ्यावा लागतो, हेही हिशेबात धरा.

हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या हीट पंपाला आपली उबदार, दमट हवा मानवते. एका युनिट विजेत तो तीन युनिट उष्णता सहज देतो. पण आमची गरजच दिवसाला ३.६ युनिट, वाचणार दोन-अडीच युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा आणि मग यंत्राची किंमत विचारा. आठ-दहा खोल्या रोज भरत असतील तर तो नक्की घ्यावा. मांद्रे, मोरजीसारख्या किनाऱ्याच्या गावात त्याच्या पंख्यामागच्या पत्र्यांवर खाऱ्या हवेसाठी लेप आहे का, ते आधी विचारा.

आम्ही तिन्ही बाथरूममध्ये १५ लिटरचे गिझर लावले आणि भिंत बंद करण्याआधी सोलरचा पाइप घालून ठेवला. गच्चीचं काम झालं की टाकी येईल.

न्हाणीतलं चुलीवरचं मोठं तांब्याचं भाण मात्र काढलं नाही. चवथीला आमच्याकडे पंधरा-सोळा माणसं उतरतात. बाहेर पाऊस, वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि सगळ्यांना पूजेआधीच आंघोळ हवी असते. भाणात साठ लिटर पाणी नव्वद अंशांपर्यंत गेलं की माणसामागे त्यातलं आठ लिटर पुरतं, बाकी गार मिसळायचं. एका भाणात सात जण होतात. दुसरं भाण चढेपर्यंत उरलेले चहा घेतात. जाळायला नारळाची सोडणं आणि करवंट्या मे महिन्यातच वाळवून पडवीत रचून ठेवाव्या लागतात. यंदाच्या रचून झाल्या आहेत.