एबीएसचा ‘नवा’ डबा ४५,५०० ला, आणि दोष अर्थिंगच्या तारेत

वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या आसपास ट्रेलरची वायरिंग करून घेणाऱ्यांनी हे वाचाच. मला फसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनचं नाव लिहीत नाही, वकिलाने मना केलंय.

माझा चाळीस फुटी ट्रेलर, मीच चालवतो. पावसाळ्यानंतर ट्रेलरच्या एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा मधेच लागायचा, मधेच विझायचा. खड्डा आला की हमखास. जाणकार इथेच हसतील: खड्ड्यावर लुकलुकतोय म्हणजे तार नाहीतर प्लग, डबा (एबीएस चालवणारं कंट्रोल युनिट) नव्हे. मला हवेच्या ब्रेकचं कळतं, करंटचं नाही. कळत असतं तर इलेक्ट्रिशियनकडे कशाला गेलो असतो?

त्याने लॅपटॉप लावला. बिघाडाचा कोड आला, व्होल्टेज कमी. मग घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या, बाजूचा प्लग उपटून सॉकेटमध्ये मीटरच्या सुया घातल्या. चोवीसच्या वर आकडा. “बघा शेठ, सप्लाय फुल आहे. तरी कोड येतो म्हणजे डबा मेला.”

खटकायला हवं होतं ते इथे. कोड सांगतोय ट्रेलरला व्होल्टेज कमी मिळतंय, आणि हा मोजतोय घोड्यावर, तेही प्लग काढून! केबलच्या दुसऱ्या टोकाला हात लावला नाही. गंजून दोन धाग्यांवर लोंबणारी तारही मीटरला चोवीस दाखवते, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. प्लग लावून, ट्रेलरच्या टोकाला २४ व्होल्ट २१ वॅटचा साधा बल्ब जोडायचा. मिणमिणला की तार खराब. मी शेजारी उभा राहून हे सगळं बघत होतो, वर त्याला चहा मीच मागवला. पण संध्याकाळी न्हावा शेव्याला कंटेनर लावायचा होता, उशीर झाला की डिटेन्शन (उशिराचा आकार) माझ्या डोक्यावर. अशा वेळी कोण बल्ब शोधत बसतो?

डबा ३८,५००, मजुरी ४,५००, ‘स्कॅनिंग’ २,५००. यूपीआयने २०,०००, रोख २५,५००. पक्कं बिल मागितलं तर “जीएसटी वेगळा पडेल”. जुना डबा ‘एक्स्चेंज’ म्हणून ठेवून घेतला. काढलेला पार्ट कधीही सोडू नका.

कोड पुसला होता, प्लग काढघाल करून पिना घासल्या गेल्या होत्या, म्हणून दिवा विझला. उरणच्या रस्त्याला पुन्हा लागला. फोन केला तर म्हणे पाण्याची गॅरंटी नसते.

मग कळंबोलीतल्या दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्या पोराने आधी प्लग उघडला. चार नंबरची पिन हिरवीगार. मागची तपकिरी तार, म्हणजे अर्थिंगची, रबराच्या आत तुटून पावडर झालेली. तार, लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी), मजुरी मिळून ५८० रुपये. मग त्याने ‘नव्या’ डब्याला लॅपटॉप लावला, तर आत पावणेदोन लाख किलोमीटर धावल्याची नोंद. नवा डबा बसवताना आतले किलोमीटर तुमच्यासमोर उघडायला लावा.

चौकीत गेलो. “सिव्हिल मॅटर आहे.” जुना डबा नवा म्हणून विकला, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? साहेब बंदोबस्तावर, उद्या या. उद्या साहेब कोर्टात. शेवटी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहिली, त्यातही ‘ब्रेकचा डबा’ऐवजी ‘बॅटरीचा डबा’! दुरुस्त करा म्हटलं तर नवीन अर्ज द्या. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. आरटीओच्या खिडकीवर सांगितलं, गॅरेजशी आमचा संबंध नाही. फिटनेसला दिवा पेटलेला दिसला की मात्र संबंध येतो बरोबर!

कुणी म्हणेल की धंद्याची गाडी, ग्राहक आयोग घेणार नाही. ऐकू नका. स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबणारा माणूस २०१९ च्या कायद्यात ग्राहकच धरलाय, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. मुदत दोन वर्षं. मी तक्रार टाकली आहे. बिल नाही, म्हणून यूपीआयची पावती आणि ‘नया पीस है शेठ’ हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हॉइस मेसेज जोडलाय.

माझा धडधाकट डबा अजून त्याच्याकडेच आहे. वडाळ्यात कुणाला स्टिकर लावलेला ‘नवा पीस’ दाखवला, तर सिरियल नंबरचा फोटो काढून मला पाठवा.